तज्ज्ञ म्हणतात ‘धोका नाही’, पण धोका कुणाला? जॅक स्टिलगो यांच्या कामातून आपण काय शिकावे

सरकारने नेमलेली तज्ज्ञांची समिती सांगते, ‘हे तणनाशक सुरक्षित आहे.’ तेच तणनाशक दिवसभर फवारणारा मजूर सांगतो, ‘आम्हाला त्रास होतो.’ दोघांपैकी कुणाचे ऐकायचे? समितीकडे प्रयोगशाळा आहे, आकडे आहेत, पदव्या आहेत. मजुराकडे फक्त स्वतःचा अनुभव आहे.

आपण चळवळीतली माणसे विज्ञानाच्या बाजूने उभी राहतो. बुवाबाजी, करणी, गंडेदोरे यांच्या विरोधात बोलताना आपण ‘पुरावा दाखवा’ असे ठणकावून सांगतो. म्हणूनच हा प्रश्न आपल्याला अडचणीत टाकतो. तज्ज्ञांवर शंका घेतली तर आपण विज्ञानविरोधी ठरू का? आणि शंका घेतलीच नाही, तर मजुराचे म्हणणे कोण मांडणार?

या पेचावर गेली २० वर्षे काम करणारे एक अभ्यासक आहेत. त्यांचे नाव जॅक स्टिलगो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरणाचे प्राध्यापक आहेत. ‘नागरिक विज्ञान’ आणि ‘जबाबदार नवनिर्मिती’ हे दोन शब्द आज जगभरच्या विद्यापीठांत ऐकू येतात. या दोन्ही विषयांत त्यांनी लेखन केले आहे आणि दुसऱ्या विषयाची तर चौकटच घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांची कारकीर्द समजून घेतली की आपल्या हाती काही कामाचे प्रश्न लागतात. म्हणून हा लेख.

मजुरांचा पुरावा

सुरुवात स्टिलगो यांच्या आधीच्या पिढीपासून करावी लागेल.

१९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘२,४,५-टी’ नावाच्या तणनाशकावरून मोठा वाद झाला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलांवर फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये हेच रसायन होते. ते तयार होताना त्यात डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य उतरत असे. ब्रिटनच्या शेतमजुरांच्या संघटनेने आपल्या सभासदांकडून माहिती गोळा केली, आजारपणाच्या आणि गर्भपाताच्या घटना नोंदवल्या, त्याची पुस्तिका काढली आणि बंदीची मागणी केली.

सरकारच्या सल्लागार समितीने उपलब्ध शास्त्रीय माहिती तपासली. निष्कर्ष असा निघाला की, शिफारस केलेल्या पद्धतीने आणि शिफारस केलेल्या कामासाठी वापरले, तर या तणनाशकापासून धोका नाही.

मजुरांचे उत्तर सरळ होते. शिफारस केलेली पद्धत शेतात असते कुठे? वारा सुटला म्हणून काम थांबत नाही. पंप गळतो. संरक्षक कपडे मिळत नाहीत, मिळाले तर उन्हात घालून काम होत नाही. मालकाला ‘नाही’ म्हटले तर रोजगार जातो. समितीने तपासले होते ते कागदावरचे तणनाशक. मजुरांच्या अंगावर उडत होते ते शेतातले.

समाजशास्त्रज्ञ अॅलन आयर्विन यांनी या वादाचा अभ्यास केला. १९९५ साली त्यांचे ‘सिटिझन सायन्स’ हे पुस्तक आले. ‘नागरिक विज्ञान’ हा शब्द रूढ होण्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मजुरांनी विज्ञान नाकारले नव्हते. जे समितीला माहीतच नव्हते, ते त्यांना माहीत होते. प्रत्यक्ष काम कसे चालते, याबद्दलचे खरे तज्ज्ञ मजूरच होते.

हे वाचताना आपल्याला यवतमाळ आठवल्याशिवाय राहत नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत रोजंदारीवर फवारणी करणारे भूमिहीन मजूर बरेच होते. त्यानंतर पुन्हा तेच ऐकू आले: हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, दोन औषधे एकत्र केली. जणू डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत, दमट हवेत, दिवसाच्या मजुरीवर फवारा मारणाऱ्या माणसाला हे सगळे निवडण्याची मोकळीक होती. ब्रिटनमध्ये जो वाद झाला, तोच ३७ वर्षांनी विदर्भात झाला.

एका शब्दाचे दोन अर्थ

‘नागरिक विज्ञान’ हा शब्द आज दोन अर्थांनी वापरला जातो. त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

पहिला अर्थ अमेरिकेतून आला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेतील रिक बॉनी यांनी १९९० च्या दशकातच हा शब्द वापरला. सामान्य माणसांनी पक्षी मोजावेत, पावसाची नोंद ठेवावी, फुलांचे फोटो काढून पाठवावेत आणि ती माहिती शास्त्रज्ञांच्या कामी यावी, असा हा अर्थ. हे काम चांगले आहे. पण यात प्रश्न शास्त्रज्ञ ठरवतात आणि नागरिक माहिती गोळा करतो.

दुसरा अर्थ आयर्विन यांचा. विज्ञानाने नागरिकांच्या प्रश्नांना उत्तर द्यावे आणि नागरिकांकडे असलेले ज्ञान विज्ञानाने मानावे, असा तो आहे. यात प्रश्न विचारण्याचा हक्कही नागरिकाचा.

या दुसऱ्या अर्थाचे गाजलेले उदाहरण ब्रायन विन या अभ्यासकाने नोंदवले आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सर्गी ढग युरोपभर पसरले आणि मेच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया भागातील डोंगरांवर पाऊस झाला. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी घातली. बंदी तीन आठवड्यांत उठेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तो अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरून बांधलेला होता, कारण अशा मातीत सीझियम अडकून पडते. डोंगरावरची आम्लयुक्त, कुजकट माती वेगळी असते. तिच्यातून सीझियम गवतात आणि गवतातून पुन्हा मेंढीत येत राहिले. तीन आठवड्यांची म्हणून घातलेली बंधने काही शेतांवर २०१२ पर्यंत टिकली.

शास्त्रज्ञांनी मेंढ्यांना कुंपणात कोंडून प्रयोग करायचे ठरवले, तेव्हा मेंढपाळांनी सांगितले की, मोकळ्या डोंगरावर चरणारी जनावरे कोंडली की खंगतात, त्यांच्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. कुणी ऐकले नाही. पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला, आणि कारण मेंढपाळांनी सांगितले होते तेच होते.

इथे एक सावधगिरी हवी. स्थानिक माणूस नेहमीच बरोबर असतो, असे आयर्विन किंवा विन म्हणत नाहीत. अनुभवालाही तपासावे लागते. पण तपासण्याआधीच तो ‘अडाण्याचे मत’ म्हणून बाजूला टाकणे हे अवैज्ञानिक आहे, एवढेच त्यांचे सांगणे आहे.

विश्वास कसा गेला

१९९० मध्ये ब्रिटनमध्ये गायींना होणाऱ्या ‘मॅड काऊ’ रोगाची भीती पसरली होती. कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवू पाहिला आणि गोमांस सुरक्षित असल्याचे सांगितले. माणसाला धोका असण्याची शक्यता फार कमी आहे, असे तज्ज्ञ समितीने आधीच म्हटले होते. मेंदू, मज्जारज्जू असे भाग अन्नात येऊ नयेत, असा नियमही झाला होता. पण १९९५ मधील तपासण्यांत दिसले की, कत्तलखान्यांत मज्जारज्जू काढण्याचे काम नीट होत नव्हते. कागदावरचा नियम आणि कत्तलखान्याची फरशी यांत पुन्हा तेच अंतर होते.

२० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत मान्य करावे लागले की, हा रोग माणसापर्यंत पोहोचला असण्याची दाट शक्यता आहे. त्या आजाराने ब्रिटनमध्ये १७० हून अधिक माणसे मरण पावली. ‘आम्ही सांगतो म्हणजे सुरक्षित आहे’ या वाक्यावरचा लोकांचा विश्वास उडाला.

स्टिलगो यांची अभ्यासक म्हणून जडणघडण या धक्क्यानंतरच्या काळात झाली. त्यांनी आपल्या संशोधनासाठी विषय घेतला तो मोबाइल फोनचा. मोबाइल आणि त्याच्या टॉवरमुळे आरोग्याला धोका आहे का, हा प्रश्न तेव्हा ब्रिटनमध्ये गाजत होता. सुरुवातीला अधिकृत संस्था एवढेच सांगत की, ठरवून दिलेली मर्यादा पाळली जाते, म्हणजे प्रश्न मिटला. घराशेजारी टॉवर उभा राहणाऱ्या माणसाची काळजी म्हणजे त्याचे अज्ञान, अशी समजूत होती.

मग सर विल्यम स्टुअर्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. या गटाने लोकांच्या खुल्या बैठका घेतल्या. मे २००० मधील त्याच्या अहवालात दोन्ही गोष्टी होत्या. आजच्या पुराव्यानुसार सर्वसाधारणपणे अपाय दिसत नाही, हे त्यात होते. आपल्या माहितीत मोकळ्या जागा आहेत, म्हणून काळजी घ्यावी आणि मुलांनी फोनचा अनावश्यक वापर टाळावा, हेही होते. स्टिलगो यांनी दाखवले की, अनिश्चितता ही फक्त प्रयोगशाळेत जन्मत नाही. लोक कोणते प्रश्न विचारतात, त्यावरही ती ठरते. लोकांना गप्प केले की अनिश्चितता नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

यानंतर ते लंडनच्या ‘डेमॉस’ या धोरण अभ्यास संस्थेत गेले. २००६ मध्ये आयर्विन आणि केव्हिन जोन्स यांच्यासोबत त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला लोकांसाठी खुला कसा करावा, यावर ‘द रिसीव्ह्ड विझडम’ ही पुस्तिका लिहिली. २००९ मध्ये ‘सिटिझन सायंटिस्ट्स’ ही पुस्तिका आली. इथे त्यांनी शब्दाची बाजू पालटली. नागरिकाने वैज्ञानिक व्हावे, हे सगळे सांगतात. वैज्ञानिकसुद्धा नागरिक आहे, त्याने आपले काम आणि आपले नागरिकत्व वेगळे ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्यातली जी मुले-मुली आज अभियंता, डॉक्टर, संशोधक होत आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे. वस्तीतून आलेल्या मुलाने प्रयोगशाळेच्या दारात आपली वस्ती विसरावी, अशी कोणतीही शास्त्रीय अट नाही.

डेमॉसनंतर ते ब्रिटनच्या रॉयल सोसायटीत विज्ञान धोरणाचे काम करत होते. तिथून पुढचा टप्पा सुरू झाला.

एका फुग्याची गोष्ट

हवामानबदल रोखण्यासाठी काही शास्त्रज्ञ एक उपाय सुचवतात. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याचे कण आकाशात उंच पसरले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. तसेच कण माणसाने मुद्दाम वर सोडले तर सूर्याची थोडी उष्णता परतवता येईल, अशी ही कल्पना आहे.

ती तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘स्पाइस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. ब्रिस्टल विद्यापीठाचे मॅथ्यू वॉटसन त्याचे प्रमुख होते. एक किलोमीटर उंचीवर फुगा सोडायचा, त्याला पाइप जोडायचा आणि पाइपातून थोडेसे साधे पाणी वर चढवून फवारायचे, असा २०११ मधील चाचणीचा बेत होता. पाणीच ते, कुणाला काय अपाय होणार?

पण सार्वजनिक पैसा देणाऱ्या संशोधन परिषदेने एक वेगळी गोष्ट केली. परवानगीआधी बाहेरच्या जाणकारांचा गट बसवला आणि प्रकल्पासमोर पाच कसोट्या ठेवल्या. चाचणीतले धोके ओळखले आहेत का? नियम पाळले आहेत का? चाचणीचा हेतू लोकांना स्पष्ट सांगितला आहे का? पुढे याचा उपयोग कशासाठी होऊ शकतो आणि परिणाम काय होतील, याचा विचार केला आहे का? लोकांची मते जाणून घेण्याची व्यवस्था केली आहे का?

पहिल्या दोन कसोट्यांवर प्रकल्प उतरला. उरलेल्या तिन्हींवर अजून काम हवे, असे गटाने सांगितले. चाचणी पुढे ढकलली गेली. जगभरच्या अनेक संघटनांनीही विरोधाचे पत्र काढले. शेवटी मे २०१२ मध्ये वॉटसन यांनीच चाचणी रद्द झाल्याचे जाहीर केले. अशा तंत्रज्ञानासाठी जगात कुठलेच नियम नव्हते, हे एक कारण होते. दुसरे कारण असे की, प्रकल्पाशी संबंधित काहींनी त्याच तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि ते संघातल्या सगळ्यांना ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेतला बाकीचा अभ्यास मात्र चालू राहिला.

स्टिलगो या प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांबरोबर काम करत होते. वॉटसन यांच्यासोबत त्यांनी २०१३ मध्ये एक शोधनिबंधही लिहिला आणि २०१५ मध्ये या अनुभवावर ‘एक्स्पेरिमेंट अर्थ’ हे पुस्तक आले.

या गोष्टीतला मुद्दा नीट पाहू. पाण्याचा फवारा सुरक्षितच होता. पण त्या पाइपातून उद्या पाण्याऐवजी काय जाणार, तो नळ कोण उघडणार आणि कुणाला विचारून, हे प्रश्न ‘सुरक्षित आहे का?’ या एका प्रश्नात बसत नव्हते. अशा फवारणीमुळे आशियातला मोसमी पाऊस कमी होऊ शकतो, अशी शक्यता काही संगणकीय अभ्यासांनी मांडली आहे. म्हणजे फुगा इंग्लंडचा असला, तरी त्या तंत्रज्ञानाच्या अंतिम हिशेबात कोरडवाहू मराठवाडा आणि विदर्भही येतो. तिथल्या शेतकऱ्याला विचारले कुणी?

चार शब्द

२०१३ मध्ये स्टिलगो, रिचर्ड ओवेन आणि फिल मॅकनॉटन यांनी जबाबदार नवनिर्मितीची एक चौकट मांडली. तो लेख आज या विषयातील पायाभूत लेखांपैकी एक मानला जातो. त्यांच्या मते, जबाबदार असणे म्हणजे आज घेतलेल्या निर्णयांमधून उद्याची काळजी सर्वांनी मिळून वाहणे. त्यासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, पूर्वविचार. हे तंत्रज्ञान पसरले तर काय काय होऊ शकते, याचा विचार वस्तू बाजारात येण्याआधी करायचा.

दुसरी, आत्मपरीक्षण. तंत्रज्ञान घडवणाऱ्याने स्वतःलाच विचारायचे: मी काय गृहीत धरले आहे? माझे हितसंबंध कोणते? शेतात वारा नसतो आणि मजूर नेहमी हातमोजे घालतो, हेही एक गृहीतकच होते.

तिसरी, सहभाग. ज्यांच्यावर परिणाम होणार आहे, त्यांना निर्णयाच्या खोलीत आणायचे. तेही सुरुवातीला. सगळे ठरल्यावर सही घ्यायला बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे.

चौथी, प्रतिसाद. ऐकल्यावर बदल करायचा. गरज पडली तर थांबायचे. पहिल्या तिन्ही गोष्टी केल्या आणि निर्णय जागचा हललाच नाही, तर ते सारे नाटक ठरते.

ब्रिटनच्या अभियांत्रिकी आणि भौतिक विज्ञान संशोधन परिषदेने याच विचारावर आधारलेली मार्गदर्शक चौकट स्वीकारली. युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमातही ‘जबाबदार नवनिर्मिती’ हा शब्द आला.

चालकाविना गाडी, पण दोष माणसाचा

पुढे स्टिलगो यांचे लक्ष चालकाविना चालणाऱ्या गाड्यांकडे वळले. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात, टेम्पी शहरात रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या ४९ वर्षांच्या एका महिलेला उबर कंपनीच्या चाचणीतील गाडीने धडक दिली. त्यात तिचा मृत्यू झाला. स्टिलगो यांचे २०२० मधील ‘हूज ड्रायव्हिंग इनोव्हेशन?’ हे पुस्तक या घटनेपासून सुरू होते.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. गाडीच्या यंत्रणेला ती महिला धडकेच्या पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. पण पादचारी ठरावीक जागा सोडून रस्ता ओलांडेल, याचा विचार यंत्रणेच्या रचनेतच केलेला नव्हता. गाडीची मूळची आपत्कालीन ब्रेक यंत्रणाही चाचणीदरम्यान बंद ठेवलेली होती. गाडीत बसलेली कर्मचारी फोनकडे पाहत होती, हेही चौकशीत आले. फौजदारी खटला चालला तो त्या कर्मचाऱ्यावर. कंपनीवर फौजदारी जबाबदारी ठेवता येत नाही, असे सरकारी वकिलांनी ठरवले.

सार्वजनिक रस्त्यावर प्रयोग चालू होता आणि त्या महिलेला कुणी विचारले नव्हते की, तू या प्रयोगात सामील आहेस का? स्टिलगो यांचा रोख इथेच आहे. तंत्रज्ञान आपोआप येत नाही. कुणीतरी दिशा ठरवते, कुणीतरी परवानगी देते, आणि अपघात झाला की साखळीतल्या शेवटच्या माणसावर बोट ठेवले जाते. टेम्पीत ती कर्मचारी होती, यवतमाळात फवारणी करणारा मजूर.

नागपूरचा अनुभव

लोकांना आधी विचारणे आपल्याकडे शक्य आहे का? एकदा तसे झाले आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला केंद्राच्या तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ती शिफारस तशीच न स्वीकारता जानेवारी आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सल्लामसलत घेतली. त्यांत नागपूर होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते, कंपन्यांचे लोक, सगळे एकाच सभागृहात बोलले. गोंधळ झाला, घोषणाही झाल्या. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली.

हा निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तज्ज्ञ समितीनंतरही नागरिकाला बोलण्याची जागा आहे, हे त्या वेळी मान्य झाले.

मर्यादाही पाहू

या विचाराचे गोडवे गाऊन आपण थांबू नये. ब्रिटनमध्ये २००३ साली जनुकीय पिकांवर सरकारने देशभर चर्चा घडवली. शेकडो सभा झाल्या. बहुतेक सहभागींनी शंका व्यक्त केल्या. मग ‘आलेले लोक मुळातच विरोधक होते’ असा आक्षेप घेतला गेला. आयर्विन यांनीच २००६ मध्ये इशारा दिला की, संवादाची भाषा आली म्हणजे सत्तेची जुनी सवय गेली, असे समजू नका. जुने आणि नवे एकत्र नांदत राहतात.

आम्हाला आणखी एक उणीव जाणवते. ‘लोक’ हा शब्द फार गुळगुळीत आहे. सभेला कोण येऊ शकतो? ज्याची मजुरी बुडत नाही तो. कोण बोलू शकतो? ज्याला समोरच्याची भाषा येते आणि ज्याला बोलल्याबद्दल गावात त्रास होणार नाही, तो. आपल्या समाजात जात, जमीन आणि बाईपण यांवर हे ठरते. इंग्लंडमध्ये घडलेली चौकट इथे आणताना ही भर आपल्यालाच घालावी लागेल.

आणि सुरुवातीचा पेच? तज्ज्ञांना प्रश्न विचारणे म्हणजे लस नाकारणे किंवा अफवा पसरवणे नव्हे. अफवा पसरवणारा पुरावा टाळतो. शेतमजुरांची ती संघटना अधिक पुरावा मागत होती आणि स्वतः गोळाही करत होती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. शोधक बुद्धी फक्त बुवासमोर जागी ठेवायची आणि कंपनीच्या पत्रकासमोर झोपवायची, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

आपण काय करू शकतो

तरुण मित्रांनो आणि मैत्रिणींनो, यातून तीन कामे लगेच सुरू करता येतील.

एक, नोंद ठेवा. फवारणीच्या हंगामात कुणाला चक्कर, उलटी, अंधुक दिसणे, पुरळ असा त्रास झाला, तर तारीख, वेळ, हवा कशी होती, कोणता पंप होता, किती तास काम केले, ते लिहा. डब्याचा फोटो काढा. औषधाचे नाव, त्यावरील रंगीत त्रिकोण आणि बॅच क्रमांक त्यात दिसला पाहिजे. दवाखान्याची कागदपत्रे जपा. संबंधित माणसाला विचारूनच त्याचे नाव लिहा. दहा गावांची अशी वही झाली की ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो.

दोन, वेळेवर पोहोचा. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. तिची किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत मिळायला हवा. तो आधी वाचा, वस्तीत बसून समजावून सांगा आणि लेखी हरकती नोंदवा. माहितीचा अधिकार आणि ग्रामसभा ही साधनेही आपल्या हातात आहेत.

तीन, प्रश्न बदला. ‘हे सुरक्षित आहे का?’ एवढे विचारून थांबू नका. कोणत्या परिस्थितीत सुरक्षित? ती परिस्थिती इथे आहे का? फायदा कुणाला, धोका कुणाला? कुणाला विचारले? आणि आम्ही नाही म्हटले तर काय बदलेल?

गटाराच्या सफाईचे यंत्र असो, रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र असो किंवा उद्या दारात येणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असो, हे प्रश्न सगळीकडे लागू पडतात. शास्त्रज्ञांशी आपले भांडण नाही. त्यांच्या शेजारची खुर्ची आपल्याला हवी आहे, आणि तिथे बसायला येताना आपली नोंदवही सोबत हवी.